सवय लागते म्हणून

अड्याळ, १९८२

मुरारी भाऊजी,

नमस्कार लिहाले हात होत नाही. हे पत्र डाकेत टाकनारबी नाही. वाचून तुमाले लाज वाटन, याचा भरोसा नाही.

नागपूरच्या डाक्टरनं मामाजीले घरी पाठवताना साफ सांगतलं होतं: पोटातला कॅन्सर आता जात नाही, फक्त दुखू द्याचं नाही, गोळी टायमावर द्याची. तुम्ही एक रात मुक्काम केला अन् जाताना आपल्या बापाले म्हटलं, "बाबा, गोळी जपून घ्या. सवय लागते."

मोहाची दारू सोडून माळ घातलेला मानूस तो! त्या दिवसापासून गोळी गालात धरे अन् माही पाठ फिरली का राखेच्या टोपल्यात थुंके. राख फेकताना मले गोळ्या सापडल्या.

"मामाजी, काहून असं करता?"

"सूनबाई, आता मरताना नशेबाज होऊ काय?"

मंग खाटेची दोरी दातात धरून कन्हत राहे, पन गोळी घेतली नाही.

तेरवीच्या पंगतीत तुम्ही सांगत फिरले, "बाबाले मी एक दिवस दुखू देलं नाही." मी तुमच्या पानात भात वाढला.

जेवनं झाल्यावर तुम्ही गाल धरून चुलीपाशी आले. "वहिनी, दाढ लय ठनकून राहिली. बाबाच्या गोळ्या उरल्या असतीन न? द्या न एक."

मी डब्बीच देली. तुम्ही एक गिळली, डब्बी खिशात टाकली अन् मामाजीच्या जागेवरच घोराले लागले.

सवयीचं भेव घालनारा या घरात एकच होता, अन् तो झोपला होता.

तुमच्या पंगतीले वाढनारी,
भागीरथा