हिरवी तबकडी

३ मार्च

सव्वीस मिनिटं! वीसच्या वर एकाही डॉल्फिनला धरून ठेवायचं नाही, हा आमचाच नियम. आज मोडला.

खाच जाळ्यात आली. पाठीच्या परावर खाच आहे, म्हणून खाच. अंगावर पांढुरके चट्टे, बरगड्या दिसायला लागल्यात. जाळ्याबाहेर तीन महिन्यांचं पिल्लू घिरट्या घालत होतं, शिट्ट्यांवर शिट्ट्या. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई कमरेएवढ्या पाण्यात तिला धरून उभ्या. "आटप गं, थकतेय ती!" माझा उजवा हातमोजा फाटला. दुसरा घालायला वेळ कुठे? तसाच नमुन्याचा कापसाचा बोळा श्वासरंध्रावर धरला. तिनं फुस्सकन् श्वास सोडला. गरम, थेट माझ्या तोंडावर.

बोटीवर आल्यावर आठवलं — कोरा बोळा राहिला! प्रत्येक डॉल्फिनमागे एक बोळा त्याच हातांनी, त्याच हवेत नुसता उघडायचा, कशाला न लावता बंद करायचा. त्याच्यावर काही उगवलं, तर जंतू आपला, जनावराचा नाही. सतरा वर्षांत कधी विसरले नव्हते. बाईंना सांगितलं नाही.

निघताना बोटीच्या तांडेलानं नेहमीसारखे माझ्या आईसाठी खाडीतल्या पाण्याचे दोन कॅन भरले, झाकणांना दोऱ्या आवळल्या. "आजींना सांगा, आज पाणी कसं काचेसारखं आहे." आईला डायबेटिस. पायाची जखम पाच आठवडे भरत नाही. खाऱ्या पाण्यात पाय बुडवला की ठणका जातो म्हणते. तेवढंच माझ्या हातून.

४ मार्च

खाचेच्या रक्ताचा अहवाल. पांढऱ्या पेशी निम्म्याहून कमी. साधा जंतूही हिला आता भारी पडेल.

५ मार्च

खाचेच्या बोळ्याची तबकडी हिरवी झाली. झाकण किंचित उचललं, तर पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. स्यूडोमोनास जंतू. सहा औषधांच्या चकत्या लावल्या होत्या, पाचांना दाद देत नाही. एकच उरलंय.

बाई एकदम कामाला लागल्या. "तेच भरू या बाणात. लांबूनच टोचू, पकडायला नको."

६ मार्च

सकाळी आईची पट्टी सोडली. कापसावर हिरवट डाग. आणि तो वास — गोडसर, पिकल्या द्राक्षांचा.

तीन तारखेला बोटीवर जाण्याआधी मीच पट्टी बदलली होती. मग फाटका मोजा. मग बोळा.

"काय गं, तोंड का उतरलं?" आईनं विचारलं. "वास येतो होय? म्हातारीचा पाय आहे, अत्तर थोडंच येणार!"

हसले. हात तीनदा धुतले.

७ मार्च

सांगितलं नाही. दिवसभर बाईंच्या मागेपुढे केलं. आईच्या जखमेचा बोळा तेवढा गुपचूप तबकडीला लावून ठेवला.

९ मार्च

तोच जंतू. तीच पाच औषधं फुकट, तेच एक चालतंय. डॉक्टरांना लगेच फोन केला. आईचं औषध बदललं. एक काम तरी झालं.

मग बाईंसमोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसत बसल्या.

"म्हणजे हा खाचेचा जंतू की तुझ्या आईचा, आपल्याला माहीत नाही."

"नाही."

"खाचेला खरं दुसरंच काही असेल, आणि आपण हे औषध टोचून वाट बघत बसलो तर ती हातची जाईल. पुन्हा पकडायची म्हटलं, तर जाळ्यातच जाईल." चष्मा चढवत म्हणाल्या, "कोरा बोळा! तू मला शिकवलंस गं तो!"

खरंय. त्या नव्यानं आल्या तेव्हा मीच शिकवला होता.

तेरा तारखेला पुन्हा जाळं. नवीन बोळा त्या घेणार. मी किनाऱ्यावर.

१० मार्च

तांडेलाला कळलंय. "ताई, काल पाहिली तिला. पिल्लू पुढे, ही मागे. उलटं झालंय बघा. अशीला परत धरायची म्हणजे..." दोरीच्या गाठी सोडत बसला.

घरी आले तर आई परातीत पाय बुडवून बसलेली. "हा कॅन संपत आला. दुसरा आहे ना?"

दुसरा न्हाणीघरात. झाकण बंद, तांडेलाची दोरी जशीच्या तशी. बघत उभी राहिले. खाचेच्याच खाडीतलं पाणी, आणि आत माझं बोटही लागलेलं नाही.

परात तिच्या पायाखालून ओढून घेतली. "अगं, पाणी सांडलं ना!" म्हणाली. कारण सांगितलं नाही.

कॅन उचलला तो थेट प्रयोगशाळेत. पुढे मी हात लावला नाही. बाईंनी मोजे घालून स्वतः दोरी कापली, स्वतः पाणी गाळलं, स्वतः तबकडीला लावलं. शेजारी एक कोरी तबकडीही ठेवली. माझ्याकडे बघून ठेवली.

११ मार्च

वाढ आहे. रंग अजून नाही. चकत्या लावल्या. बाई म्हणाल्या, घरी जा. गेले नाही.

१२ मार्च

कोरी तबकडी स्वच्छ. पाण्याची हिरवी. तीच पाच, तेच एक.

बाईंनी मला मिठीच मारली. "जंतू खाडीतच आहे गं! तुझा बोळा खरा होता!" जाळं रद्द. उद्या बाण. तांडेल फोनवर रडला की हसला, कळलं नाही.

माझ्या हातून खाचेच्या बोळ्यात काही गेलं नव्हतं. आईच्या पायात गेलं. पाच आठवडे, दर फेरीला दोन कॅन.

आत्ता आतून हाक आली — "आज पाणी आणलं नाहीस का गं?"