डब्यातलं खोटं तिखट

दादा,
तू घोरतोयस, म्हणून उठवत नाही. माझी गाडी चुकेल.

ओट्यावरच्या डब्यात तिखट नाही, नुसती रंगाची मिरची आहे, लालभडक आणि बिनतिखट. डॉक्टरांनी बाबांचं तिखट बंद केलंय, पण भाजी लाल दिसली नाही तर ते ताटाला हात लावत नाहीत, म्हणून ही लबाडी. खरं तिखट साबणाच्या पुड्यामागे दडवलंय. तुझ्या अंड्यावर घे आणि परत तिथेच ठेव. आणि बाबांच्या भाजीत मिरी ढकलून देऊ नकोस, ओळखते मी तुला! मिरीनेही त्यांना जळजळ होते. चव हवीच तर जिरं भाजून घाल, वर कोथिंबीर पेर.

मला वाटलं होतं, पहिल्याच घासाला बाबा मला पकडतील. जन्मभर त्यांनी आधी आईच्या, मग माझ्या भाजीला नावं ठेवली. आता मात्र रोज निमूट जेवतात. चव गेलीय की भांडायचं बळ, काही कळत नाही. डोक्याला नुसता भुंगा लागलाय.

भाजी सपक झाली म्हणून ते तुझ्यावर खेकसले, तर उलट बोलू नकोस. तसाच मला फोन लाव आणि त्यांच्यासमोर धर, मला ते खेकसणं ऐकायचंय.

छोटी