मीठ वाहणाऱ्यांची हाडं

१ नोव्हेंबर
हाडाला आपण बाईचे की पुरुषाचे, हे ठाऊक असते का? मला सांगता येणार नाही. आकड्यांना मात्र कळते, असा माझा विश्वास आहे. हाडे मोजून बाई की पुरुष ठरवायचे, हे माझे काम; त्यासाठी तैवानमधल्या तैनान शहराहून बसने मिठागरांच्या या गावी आले. खोली उजेडाची, टेबल मोठे. रस्त्यासाठी त्साय घराण्याची दफनभूमी उकरली. दोनशे बारा सांगाडे निघाले, नावे पुसलेली. पुरुष ठरतील ते पूर्वजगृहात, जिथे घराणे पूर्वजांना धूप घालते. बायकांचे लग्न झाल्याचा पुरावा नाही, म्हणून त्यांना तिथे जागा नाही. हाडे धुऊन मडक्यात बसवतात आ-शुई काका: पावले खाली, कवटी वर. मला ते ‘पदवीवाली’ म्हणतात.

७ नोव्हेंबर
पहिल्या अहवालात पुरुष ठरवून पूर्वजगृहात पाठवलेल्यांपैकी एकतीस जणांचे जुळत नाही. मांडीच्या हाडाचा घेर पुरुषाचा, कटीची खाच बाईची. आमचे सूत्र उत्तरेकडच्या लोकांवर बेतलेले; इथल्या बायकांनी जन्मभर मिठाच्या कावडी वाहिल्या, म्हणून त्यांची हाडे पुरुषांसारखी जाड. काका म्हणाले, तुझ्या सूत्राने कधी कावड उचलली होती का, पोरी? मग हळूच म्हणाले, पूर्वजगृहात बसल्यात ना त्या, बसू दे. पण खोटे कसे ठेवू? दुरुस्त अहवाल दिला.

१२ नोव्हेंबर
घराण्याच्या वडीलधाऱ्यांनी ती एकतीस मडकी पूर्वजगृहाबाहेर काढून मिठागराच्या बांधावर ठेवली. एक आजोबा हसत म्हणाले, आठवडाभर बायकांना धूप घातला की रे आपण.

१४ नोव्हेंबर
सकाळी कुलूप उघडले. टेबलावर बांधावरचे पहिले मडके.

१५ नोव्हेंबर
आणखी सहा. काका शपथेवर सांगतात, त्यांनी आणलेली नाहीत. म्हणाले, उठवलेस तू, आता बसायला जागाही तूच दे.

१९ नोव्हेंबर
चोवीस. माझ्या उजव्या खांद्यावर घट्टा पडलाय. मी कधी कावड —

२१ नोव्हेंबर
एकतीस. आईचा फोन. म्हणाली, घरातली पहिली पदवी तुझी, पण मेल्यावर पदवीला कोण धूप घालतो? लग्न कर.
तोंडात मीठ. पाणी पिऊनही जात नाही.

२२ नोव्हेंबर
बत्तिसावे. रिकामे. झाकणावर माझे नाव, माझ्याच अक्षरात.
पावले सुन्न. आता घोटे — पावले आधी, काका म्हणाले होते —
सकाळीच नवा अहवाल पाठवून दिला. एकतिसांपुढे ‘पुरुष’ लिहिले. गुडघ्यांपर्यंत आले. बत्तिसाव्यापुढेही पुरुषच लिहिले, म्हणजे मलाही पूर्वजगृहात —