करवंट्यांना रोगण

प्रिय नाना,

शिरसाष्टांग नमस्कार. मेलेल्या माणसाला असं लिहीत नाहीत, नावाआधी 'कै.' लावतात, असं काल बाळूने मला सुनावलं. म्हणून मुद्दाम लिहिलं. त्याने सांगितलेली एकही गोष्ट आज माझ्याने ऐकवत नाही.

नाना, मला किळस आली आहे. कालपासून अन्नावर वासना नाही. पेजेची वाटी तशीच बाजूला सारली. हे सांगायचं कुणाला? आळीतल्या बायका म्हणतील, सख्ख्या भावाविषयी असं बोलतात का गं? म्हणून तुम्हालाच लिहिते. तुमचं ऐकून घेण्याचं काम अजून सुटलेलं नाही.

तुमच्या वर्षश्राद्धाला बाळू मुंबईहून आला. बायको-मुलाला घेऊन, आगबोटीने, उंची कोट घालून. उतरला मात्र आपल्या घरी नाही, शाळेशेजारच्या भाड्याच्या घरात. तिथे तो आता कसल्याशा बालशिक्षण मंडळाचा सभासद आहे. मोठमोठ्या लोकांच्या घरी सभा होतात, लहान मुलांना शिकवावं कसं यावर व्याख्यानं होतात. बाळूही व्याख्यान देतो! आणि कशावर देतो माहीत आहे? तुमच्यावर.

आई गेली तेव्हा हा जेमतेम पाय टाकत होता. मी सहा वर्षांची. लोक म्हणाले, दुसरं लग्न कर. तुम्ही हसलात आणि चुलीपुढे बसलात. सकाळी बंदरावर आगबोटीच्या गोणींवर खुणा घालायला जायच्या आधी आमचा भात शिजायला हवा, आणि हा तर चुलीत हात घालायला धावायचा. मग तुम्ही त्याच्यापुढे केळीच्या खांबाचा तुकडा ठेवलात आणि हातात माडाच्या झावळीच्या काड्या, हीर, दिलेत. "खुपस," म्हणालात. तो एकेक हीर त्या मऊ गाभ्यात खुपसायचा, सगळे काढायचा, पुन्हा खुपसायचा. भात उतरेपर्यंत घरात आवाज नसायचा!

तिथून सुरू झालं ते. लहानमोठ्या करवंट्या घासून गुळगुळीत केल्यात, एकीत एक बसतील अशा. अरुंद तोंडाच्या तांब्यात चिंचोके टाकायचे, टुण्ण वाजलं की पोर खिदळायचं. तोंडात घालणाऱ्याला मात्र चिंचोके नाहीत, त्याला करवंटीच, हा तुमचा नियम. जुन्या चाळणीतून वाळू चाळायची. आंब्याची कोय घासून पिपाणी. पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या रुंद विरीवर बसवून अंगणभर ओढायचं. आणि ते हळदीत चुना कालवणं! पिवळ्याचं लालभडक झालं की मी आणि बाळू दोघेही ओरडायचो. त्या लालात भेंडीचा काप बुडवून तुमच्या जुन्या धोतरावर फुलं उठवायची. ते धोतर नेसून एकदा तुम्ही तसेच बंदरावर गेलात, आठवतं?

पुढे गोण अंगावर पडून तुमचा पाय निकामी झाला आणि तुम्ही घरी बसलात. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले ती त्याच वर्षी. तेव्हा पडवीत एकटे कसे बसाल, याचीच मला काळजी होती. पण मासळी विकायला निघालेली चंद्रा एके सकाळी दारात उभी राहिली, कडेवर पोर. "नानांनू, वाईच बगा ह्याच्याकडं. बाजारातून आलीच मी." दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली. मग सगळी खालची आळी. टोपल्या बाहेर ठेवायच्या आणि पोरं आत! नाक पुसायला तुमच्या खांद्यावरचा पंचा, झोप आली की तुमची मांडी.

लोक हसायचे. "पुरुषासारखा पुरुष, आणि दाईचं काम करतो." तुम्ही म्हणायचात, "दाईचं कसलं? मला करमतं म्हणून बसतो." खरंच करमायचं तुम्हाला. त्यात व्रत नव्हतं, त्याग नव्हता. काल बाळूने हे दोन्ही शब्द इतक्या वेळा वापरले की मी मोजणं सोडलं.

आता तो दिवस. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत म्हणून इतकी वर्षं तो गिळून बसले.

बाळूला मुंबईच्या कचेरीत लागून थोडेच दिवस झाले होते. त्याचे मोठे साहेब राजापूरला निघाले होते, वाटेत आपल्याकडे जेवायला थांबले. मी आत सोलकढी गाळत होते. तुम्ही पडवीत होतात, हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले, मांडीवर चंद्राचा तेव्हाचा धाकटा, आणि त्याने नुकतंच तुमचं धोतर भिजवलेलं. साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

बाळू म्हणाला, "आमचा गडी. वडील संगमेश्वरला गेलेत."

नाना! ज्या पोराच्या ढुंगणावर तुम्ही पाणी ओतलंत, त्याने!

मी गाळणं टाकून बाहेर यायला निघाले, तोवर तुम्हीच आत आलात. पाण्याचा तांब्या भरून घेतलात. माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "गोदे, गप्प. पोराची नवी नोकरी आहे." आणि लंगडत बाहेर जाऊन साहेबांच्या हातावर पाणी घातलंत. मग खाली मान घालून बाजूला उभे राहिलात, गड्यासारखे.

का? का घातलंत ते पाणी? माफ करायचं होतं तर करायचं होतंत, पण खोटं निभावून का दिलंत? बाळू घाबरून बोलला असेल असं मी एखाद वेळ म्हटलंही असतं. पण त्याने तुम्हाला पाणी घालू दिलं. साहेबांनी पंचा मागितला तेव्हा "अरे, पंचा दे" असं तोच म्हणाला. अरे! तुम्हाला!

त्यानंतर कुणी पांढऱ्या कपड्यातलं माणूस वाटेवर दिसलं की तुम्ही आपणहून मागच्या अंगणात जाऊन बसायचात. तुम्हाला वाटायचं, मला कळत नाही.

बरं, काल काय झालं ते ऐका. बाळूने शाळेच्या मोठ्या खोलीत सभा ठरवली. तुमचा फोटो, त्याला हार, गावातले चार शिकलेले लोक. आणि भिंतीला एक भला मोठा फळा, हिरवं कापड लावलेला. त्यावर तुमच्या करवंट्या खिळे मारून ठोकलेल्या. मला न विचारता परवा घरातून घेऊन गेला होता. त्यांना रोगण लावलंय, नाना. चकचकीत. चिंचोके डिंकाने चिकटवलेले. त्या पिपाणीलाही रोगण! आता ती वाजायची कुठून? खाली कागदाच्या पट्ट्या, 'श्रवणेंद्रियाचा विकास', 'स्पर्शज्ञान', आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, 'हात लावू नये'. हा फळा तो मुंबईला नेऊन मंडळात ठेवणार आहे. रोगणाचा आणि हारातल्या निशिगंधाचा वास एकमेकांत मिसळून असा काही झाला होता की मी पदर नाकाला लावून बसले.

चंद्रा आली होती, धाकटीला घेऊन. बोलावलं नव्हतं, तरी खालच्या आळीतल्या बऱ्याच जणी आल्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. दाराशी उभ्या होत्या.

बाळू बोलायला उठला. "माझे पूज्य वडील दीनदुबळ्यांची बालके मांडीवर घेत," आणि डोळ्याला रुमाल. अत्तर लावलेला रुमाल! समोरच्या मंडळींच्या माना हलत होत्या. एकाने तर "वा" म्हटलं, गाण्याला म्हणतात तसं.

तेवढ्यात चंद्राची धाकटी आईच्या हातातून सुटली आणि तुरुतुरु फळ्याशी गेली. वर्षभरापूर्वी तुमच्या मांडीवर ज्या करवंटीशी खेळत होती ती तिने बरोबर ओळखली. ओढू लागली. निघेना. तिने भोकाड पसरलं.

"अहो, आवरा कुणीतरी तिला," बाळू वरून म्हणाला. "वस्तू मोलाच्या आहेत."

मी उठले. करवंटी दोन्ही हातांनी धरून उपटली, खिळ्यासकट. खिळा काढून टाकला आणि ती पोरीच्या हातात दिली. तिने लगेच तोंडात घातली, तुमच्याकडे घालायची तशी. मग तोंड वाकडं केलं आणि थुंकली. बाळूच्या त्या झाडून पुसून लखलखीत केलेल्या जमिनीवर. रोगण कडू असतं ना. मी करवंटी काढून घेतली, पदराने तिचं तोंड पुसलं आणि वर पाहिलं.

"बाळू," मी म्हणाले, "ह्या लोकांना सांग, तुझ्या मोठ्या साहेबांना तू नानांची ओळख काय म्हणून करून दिलीस?"

तो पांढराफटक पडला. मला वाटलं, आता तरी! एक शब्द बोलेल, निदान मान खाली घालेल. पण नाही. तो लोकांकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझी बहीण दुःखाने खचली आहे. आपण समजून घ्याल." आणि लोकांनी समजून घेतलं! मला पाणी आणून दिलं! चंद्राने माझा हात धरून मला बाहेर नेलं.

"चला, गोदाताय," ती म्हणाली, "हितं आपलं कोण नाय."

आणि आज सकाळी बाळूची बायको सुशीला आली. बाळू शाळेत फळा बांधून घेत होता. तिच्या कडेवर मुलगा, अडीच वर्षांचा, पायात मोजे. ती उंबऱ्यापाशीच थांबली.

"वन्सं, रागावू नका. हा हातात काही धरत नाही. माती बघितली की रडतो. ओलं काही लागलं की हात पुसा म्हणतो. ह्यांनी कधी खाली सोडलाच नाही त्याला." मग खालच्या आवाजात, "नानांनी ह्यांना कसं वाढवलं ते मला सासरी आल्यावर तुमच्याच तोंडून कळलं. आम्ही शिमग्यापर्यंत आहोत. तोवर ह्याला सकाळचा इथे ठेवाल का?"

मी परातीत भाकरीचं पीठ भिजवत होते. गोळा त्या पोरापुढे धरला. त्याने बोट मागे घेतलं आणि ओठ मुरडले. हुबेहूब बाळूचं तोंड! जा म्हणून सांगणार होते, नाना. ओठांवर आलं होतं. ज्याने बापाला गडी म्हटलं त्याचं पोर मी का सांभाळू?

तुम्ही काय केलं असतंत हे मला ठाऊक आहे, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप येतो. तुम्ही दोन पावलं सरकून जागा केली असतीत.

मी सरकले. त्याचे मोजे काढले. सुशीला रडायला लागली तेव्हा तिला म्हटलं, "रडायचं असेल तर परसात जा, पोर घाबरेल." चंद्राने बाजारात जाताना माझ्याकडे ठेवलेली तिची धाकटी पिठात दोन्ही मुठी घालून बसली होती, तिच्याकडे हा टक लावून बघत राहिला. दुपारपर्यंत बघतच होता. हात काही पुढे केला नाही. उद्या पुन्हा येणार आहे.

माझं मन तुमच्याएवढं मोठं नाही आणि ते व्हावं अशी माझी इच्छाही नाही. बाळूची किळस मला आहे, ती राहील. पण वचन देते, ह्या पोराला मी त्याच्या बापाचं पोर म्हणून वागवणार नाही. पीठ, वाळू, हळद, चुना, सगळं त्याच्यापुढे ठेवीन आणि त्याचा हात पुढे येईपर्यंत घाई करणार नाही. आणि दुसरं वचन, हे तुम्हाला आवडणार नाही तरी देते. बाळूने चारचौघांत, डोळ्याला रुमाल न लावता, तुम्ही त्याचे कोण होतात आणि साहेबांना त्याने कोण म्हणून सांगितलं हे एकदा सरळ सांगेपर्यंत तो ह्या पडवीची पायरी चढणार नाही. मुलाला न्यायला आला तर अंगणात उभा राहील. पाणी मागितलं तर विहीर तिथेच आहे, स्वतःच्या हाताने काढून घेईल.

तुमची,
गोदा