माझ्या खुर्चीचे पालक

सोमवार, ३ मार्च

भर रस्त्यात खुर्ची बंद पडली! पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध. तीनदा टुकटुक वाजली आणि हाताजवळच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरं आली — ‘अपरिचित बॅटरी. अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.’ दांडी पुढे ढकलली, मागे ओढली. ढिम्म हलेना. सिग्नल सुटला, हॉर्न सुरू झाले. एक टॅक्सीवाला खाली उतरला. आधी खेकसला, मग बघितलं, मग ओशाळला. खालची कळ ओढली की चाकं मोकळी होतात हे मला माहीत होतं, म्हणून निभावलं. माझ्यासकट दीडशे किलोचं धूड त्याने आणि एका कॉलेजच्या मुलीने ढकलत कडेला नेलं.

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक स्वतः घ्यायला आले. म्हणाले, ‘चष्मे थांबतील, तू आधी पाणी पी.’

अडीच वर्षांपूर्वी जिन्यावरून पडले तेव्हासुद्धा रडले नव्हते. आज त्या टॅक्सीवाल्याने ‘सॉरी ताई’ म्हटल्यावर रडू आलं. काय हे!

मंगळवार, ४ मार्च

कंपनीला फोन. चौतीस मिनिटं नुसतं संगीत. मग एक गोड आवाज.

‘मॅडम, बॅटरी आमची नाहीये.’

‘बाहेरून बसवून घेतली, पण दोन महिने चालत होती की.’

‘परवाच्या अपडेटपासून खुर्ची बॅटरीची ओळख तपासते.’

‘मी कुठे मागितलं होतं अपडेट?’

‘ते आपोआप होतं, मॅडम. आपल्या सोयीसाठी.’

माणूस येईल सत्तावीस तारखेला. तोवर काय करू? ‘तोवर कृपया खुर्ची वापरू नका.’ — वापरू कशी, बाई!

गुरुवार, ६ मार्च

माळ्यावरची जुनी हातखुर्ची काढली. सकाळी दादा ढकलत दुकानात सोडतो, संध्याकाळी वहिनी आणते. मला मान वळवून बोलावं लागतं. आणि दादा वाटेत भेटेल त्याच्याशी माझ्या डोक्यावरून बोलतो — ‘हिची गाडी रुसलीये.’ हिची! मी खालीच बसलेली असते की रे.

शुक्रवार, ७ मार्च

बाथरूमच्या दारातून ही रुंद हातखुर्ची जात नाही. याहून जास्त लिहीत नाही.

शनिवार, ८ मार्च

दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, केस पुरुषासारखे कापलेले, नखांत काळं ग्रीस. चष्म्याची डावी काडी निखळलेली. मी स्क्रू बसवला, नाकावरच्या गाद्या बदलल्या, काडी गरम करून कानामागे वळवून दिली. दहा मिनिटांचं काम. कुठल्याही कंपनीचा चष्मा येवो, आम्ही उघडतो. स्क्रू तो स्क्रू.

त्या माझ्याकडेच बघत होत्या. ‘ही तुमची रोजची खुर्ची नाही.’

‘कशावरून?’

‘चाक फिरवताना बोटं आऱ्यांत अडकतायत तुमची.’

मग मी सगळं भडाभडा सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘त्याच कंपनीत नऊ वर्षं मेकॅनिक होते मी. असं कुलूप घालायला लागले तेव्हा सोडलं. उद्या सुट्टी ना तुमची? पत्ता द्या.’

रविवार, ९ मार्च

मेकॅनिकबाई दहाला आल्या. पाठीवर पिशवी, हातात लॅपटॉप. दादा दारातच आडवा — ‘अहो, वॉरंटी जाईल!’

‘ती दिवाळखोर ग्राहकासारखी कधीच पळालीये,’ बाई म्हणाल्या आणि सरळ जमिनीवर मांडी घातली.

आसनाखालच्या स्क्रूंना पाच कोन. बाजारात तसला पाना मिळतच नाही — बाईंनी स्वतः घासून बनवलेला. झाकण निघालं, वायर जोडली, पडद्यावर ओळी धावू लागल्या. बॅटरीची तपासणी बंद करायला चाळीस मिनिटं लागली. मी दांडी पुढे केली आणि खुर्ची हलली! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की वहिनी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

बाई म्हणाल्या, ‘वेग वाढवू का? तीनवर बांधलाय. ही सहाने जाते.’

‘बांधलाय? कोणी?’

‘पालकांनी.’

मला हसूच आलं. ‘माझे आईवडील जाऊन जमाना झाला.’

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जोडलेले फोन दोन. एकापुढे ‘वापरकर्ता’ — मी. दुसऱ्यापुढे ‘पालक’, आणि दादाचा नंबर. खाली नकाशा. दोन वर्षांचा. मी गेले त्या प्रत्येक जागेवर ठिपका, वेळेसकट. दुकान, दाताचा डॉक्टर, बागेतला तो कोपरा जिथे मी उगाच बसते. आणि गुरुवारचे सगळे ठिपके पोहण्याच्या तलावावर.

घरी सांगितलं होतं, गुरुवारी दुकानात माल मोजायचा असतो.

दोन वर्षं मी त्या मोटरला शिव्या घालत होते. शाळेतली पोरं मला मागे टाकून जायची. मोटर बिचारी ठणठणीत होती.

बाईंनी आवाज खाली आणला. ‘हे कंपनीच्या माणसाने काढलं नसतं. पालकाची परवानगी लागते. मी काढू का?’

‘काढा.’

त्या गेल्यावर दादाला विचारलं. तो नाकारेल असं वाटलं होतं. नाकारलं नाही.

‘फॉर्म भरताना तू हॉस्पिटलात होतीस. फोन जोडायला दोनच रकाने होते. वापरकर्ता आणि पालक. तिसरा नव्हताच.’

‘आणि वेग? तोही रकान्यानेच बांधला?’

म्हणाला, ‘तू पडलीस तेव्हा फोन मला आला होता. तुला नाही. तो फोन मी घेतलाय. पुन्हा घ्यायची ताकद नाही माझ्यात.’

‘दादा, मी त्रेचाळीस वर्षांची आहे.’

‘माहितीये.’

‘खुर्ची माझ्या पगारातून घेतलीये.’

‘माहितीये गं!’

वहिनी मध्ये पडली नाही. कपड्यांच्या घड्या घालत बसली.

सोमवार, १० मार्च

सहाच्या वेगाने दुकानात. वाऱ्याने पदर उडाला.

मंगळवार, ११ मार्च

सकाळपासून एकच गोष्ट टोचत होती. जानेवारीत तलावाच्या ऑफिसातल्या बाईंनी मला सांगितलं होतं, ‘सोबत घरचं माणूस असल्याशिवाय पाण्यात सोडता येणार नाही. नवा नियम.’ मी मान डोलावली. नियम म्हणजे नियम. तेव्हापासून गुरुवारी जायचे ती नुसती कडेला बसायला. कोच हात हलवायची, मीही हलवायचे. पाण्यात माझे पाय जड नसतात. ते पाणी मी नऊ आठवडे काठावरून बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत गेले. विचारलं — नियम दाखवा.

ऑफिसातल्या बाई चाचपडल्या. ‘नियम असा नाहीये... तुमच्या भावाचा फोन आला होता. म्हणाले, तिला सांगू नका, वाईट वाटेल.’

वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी काही बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, सांगता येत नाही. जेवले, ताट ठेवलं, खोलीत आले.

बुधवार, १२ मार्च

बोलले. ओरडले नाही, याचं मलाच नवल. म्हटलं, ‘नकाशा बघितलास ते एक वेळ समजू शकते. काळजी असते. पण तू दुसऱ्याच्या तोंडून माझ्याशी खोटं बोललास.’

‘बुडाली असतीस तर?’

‘तर पाण्यात बुडाले असते. इथे खुर्चीत बसून बुडत होते ते दिसलं नाही तुला. त्याचा ठिपका नव्हता ना.’

तो उठून गॅलरीत गेला. वाईट माणूस नाही तो. हॉस्पिटलात चार महिने स्टुलावर झोपला होता माझ्यासाठी. म्हणूनच इतकं अवघड आहे. परका असता तर दोन वाक्यांत संपलं असतं.

गुरुवार, १३ मार्च

सकाळी चहा घेताना जाहीर केलं, ‘आज तलावावर जाते. सव्वासातला येईन.’ दादाने पेपर वर धरला.

पाणी गार होतं. कोचने कमरेला पट्टा बांधला, दोन हात खाली धरले, मग एक काढला, मग दुसराही. किती वेळ तरंगले कुणास ठाऊक. कान पाण्यात, डोळ्यांसमोर पत्र्याचं छप्पर. मी कुठे आहे हे त्या घटकेला काठावरच्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

सात चौदाला घरी. एक मिनिट आधीच.

शनिवार, १५ मार्च

कंपनीचं पत्र. ‘आपल्या खुर्चीत अनधिकृत बदल आढळले आहेत. यापुढे सेवा देता येणार नाही.’ खुर्ची मस्त चालतेय. मेकॅनिकबाईंना फोन करून वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘फ्रेम करून लावा. बिघडली तर मी आहे.’

रविवार, १६ मार्च

जेवताना दादाने सवयीने फोन उघडला. बघितलं, काही दिसलं नाही, मिटला. मला विचारलं, ‘उद्या कुठे जाणार आहेस?’

त्याने तोंडाने विचारलं! सांगितलं. दुकान, मग बाग.

‘बरं,’ म्हणाला. एवढंच. पण आमटी वाढली मला, न मागता.

मंगळवार, १८ मार्च

दादा ऑफिसला गेल्यावर वहिनी खोलीत आली. दार लोटून घेतलं. पदरातून स्वतःचा फोन काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

‘त्या बाई फोनचंही काम करतात का गं? मी कुठे जाते ते ह्यांना दिसतं. अकरा वर्षं झाली.’