वरची हातभर काजळी

बाबा,

‘प्रिय’ लिहीत नाही, एवढा राग आलाय. सदर बाजारातल्या आमच्या बेकरीचं धुराडं परवा पेटलं. विझवताना ह्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तुम्हाला जाऊन काही महिने झालेत, पण जाब तुम्हालाच विचारायचा आहे!

जन्मभर तुम्ही नागपुरातल्या भट्ट्यांची धुराडी साफ केलीत. मला कधी छपरावर चढू दिलं नाहीत, पण खाली उभी राहून मी सगळं पाहिलंय. आधी बांबूनं ठोकायचं. आवाज बद्द आला की आत काजळी. मग भट्टीच्या तोंडाशी आरसा धरून वर आभाळ किती दिसतं ते बघायचं. विटेला पोतं गुंडाळून वरून दोरानं सोडायची. आणि तुमचा लाडका धडा, "धूर वर जाऊन थंडा होते वं, चिकट काजळी तिथंच धरते. वरचा हातभर कधी सोडू नये."

मग आमच्याच धुराड्याचा का सोडलात?

आग विझल्यावर मी तुमचाच आरसा धरला. खालच्या विटा धड, भेगा सगळ्या वर. ह्यांना बघायला तुमचे जोडीदार किसनकाका आले होते. विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"थो ठेवत होता वं वरची तेवढी काजळी. जाणूनबुजून."

"काहून पण?"

"लवकर कोंदते मंग. तुमी बोलावता त्याले."

"सगळ्यांकडेच असं करत होते?"

"नाही वं. फक्त तुह्याच इथं."

काय करू मी ह्या मायेचं? "कामाबिगर लेकीच्या घरी जाणं बरं नाही दिसत," हे तुमचं तुणतुणं लग्नापासून ऐकत आले. दोर आणि आरसा घेऊन यायचात, काम झालं की ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवायचात. आणि मी धुराड्याला शिव्या घालायची, सारखं कोंदतं म्हणून! चहाच प्यायचा होता तर सरळ यायचं होतं. लेकीच्या दारात यायला बापाला निमित्त लागतं?

शेवटच्या वेळी "एकदम साफ" म्हणालात. त्या भरवशावर आम्ही भट्टी पेटवत राहिलो. तुमच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात शुद्धीवर होतात, माझ्याशी बोलत होतात, तेव्हाही एका शब्दानं सांगितलं नाहीत! ह्यांचा पीठ मळणारा हात आहे हो तो. बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. रात्री कण्हतात, आणि वर मलाच म्हणतात, बाबांना बोल लावू नको. मी लावणार.

उद्या भेगा बुजवायला गवंडी येतोय. त्याच्याआधी मी चढणार आहे, तुमचाच दोर घेऊन. वरचा हातभर विटेचा लाल रंग दिसेपर्यंत खरवडीन, दर वेळी, माझ्या हातानं. शब्द देते बाबा, पुन्हा यायला तुम्हाला बोटभरही काजळी ठेवणार नाही.

चहा मात्र अजून तुमच्यासाठी एक कप जास्त टाकला जातो. सवय मोडत नाही, त्याचाही रागच येतो.

तुमची,
शालू