पहिलं 'नको'

प्रिय आई,

मी मजेत आहे. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

जर्मनीतली शाळा छान आहे. मी डब्यातली लसणाची चटणी उघडली, की मुली एवढ्या थंडीतही वर्गाच्या खिडक्या उघडतात. हवा अगदी शुद्ध!

पहिल्या दिवशी रात्री जेवताना, मी राहते त्या घरच्या काकूंनी बटाटे पुढे केले. मी आपल्या रीतीप्रमाणे आधी 'नको' म्हणाले. त्यांनी भांडं उचलून आत नेलं. मी उपाशी झोपले.

बाबांचा खोकला थांबला का?

माझ्या बदल्यात आपल्याकडे आलेली क्लारा कर्वेनगरात रमली वाटतं. फोटोत माझ्याच ताटात जेवते आहे. ती हात आडवा धरते, तरी तू वाढतेसच.

तिला एवढा आग्रह करू नकोस, आई. थोडा माझ्यासाठी ठेव.

अजूनही तुझीच,
ऋजुता